शंभर चिंचोके आणि एक हॉकी टीम

मित्रमैत्रिणींनो, आधी एक कबुली देते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीच्या पेपरात मी निबंधापेक्षा शुद्धलेखनालाच जास्त घाबरायचे. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावे, ही विनंती.

हा लेख मी आपणहून लिहिलेला नाही. झालं असं की, आमच्या लेडीज हॉस्टेलच्या टी.व्ही. रूमबाहेर मी एक कागद चिकटवला होता : "फँटसी हॉकी – इच्छुकांनी नावे द्यावीत." दोन तासांत रेक्टर मॅडमचं बोलावणं आलं. मॅडमनी चष्म्यावरून बघत एकच प्रश्न विचारला, "हा सट्टा तर नाही ना गं?"

मी म्हटलं, "नाही मॅडम, यात एक रुपयासुद्धा नाही. चिंचोके आहेत."

मग अर्धा तास त्यांना सगळं समजावून सांगितलं. शेवटी त्या म्हणाल्या, "हेच मॅगझिनमध्ये लिहून दे. मला जे पटलं ते सगळ्यांना कळू दे." तर मॅडमच्या आज्ञेवरून हा धडा. हॉकीतलं काहीही कळत नसलं तरी चालेल, मात्र पेन आणि वही घेऊन बसा!

फँटसी हॉकी म्हणजे नक्की काय?

खऱ्या खेळाडूंमधून तुम्ही तुमची कागदावरची टीम निवडायची. ते खेळाडू खऱ्या मॅचमध्ये जे करतील त्याचे गुण तुम्हाला. गोल केला, गुण वाढले. कार्ड मिळालं, गुण गेले. ज्याच्या टीमचे गुण जास्त तो जिंकला. बस्स!

ही कल्पना मोबाईलच्या आधीची आहे. १९८० साली न्यूयॉर्कमध्ये डॅनियल ओक्रेंट नावाच्या लेखकाने मित्रांना जमवून बेसबॉलची अशी लीग सुरू केली. ही मंडळी ज्या रेस्टॉरंटमध्ये जेवायची त्याच्या नावावरून या प्रकाराला 'रोटिसरी' लीग म्हणू लागले. तेव्हा ना इंटरनेट, ना ॲप. पेपरात छापून आलेले आकडे घ्यायचे आणि वहीत बेरीज करायची. मी सांगणार आहे ती पद्धतसुद्धा अशीच, वहीची. असं का, त्याला एक कारण आहे.

आमच्या दादाची गोष्ट

माझं गाव पारनेर. शाळेसाठी मी आत्याकडे नगरला राहिले, पण सुट्टी लागली की पारनेरचा वाडा, आजी आणि चुलत भावंडं. माझा मोठा चुलतभाऊ, त्याला आम्ही सगळे दादाच म्हणतो, शेती बघतो. २०२३ च्या डिसेंबरात कांद्याची निर्यातबंदी आली ती २०२४ च्या मे महिन्यापर्यंत राहिली. कांद्याचे भाव पडले होते. त्या उन्हाळ्यात दादाने मोबाईलवर पैसे लावून क्रिकेटची टीम बनवायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात तो थोडे जिंकला. आम्हा सगळ्यांना कुल्फी खाऊ घातली. मी तर त्याला "काय डोकं आहे तुझं, दादा!" असंही म्हटलं. तेव्हा मला काय माहीत...

कांद्याच्या पट्टीचे चाळीस हजार दीड महिन्यात गेले. काकांना कळलं ते खताच्या दुकानदाराने उधारी मागितली तेव्हा. त्या रात्री घरात कोणी जेवलं नाही. काका ओरडले नाहीत, नुसते ओट्यावर बसून राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं दादा नंतर मला म्हणाला.

मी त्याला विचारलं होतं, "तुला खेळातलं कळत नव्हतं का?" तो म्हणाला, "कळत होतं गं. पण पैसे लावल्यावर मी मॅच बघतच नव्हतो. नुसता माझा नंबर बघत होतो."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

पुढे २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा, आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम, मग ते कौशल्याचे म्हणा की नशिबाचे, या कायद्याने बंद ठरवले. आमच्या घरी मात्र तो कायदा एक वर्ष आधीच लागू झाला होता. 'फँटसी' हा शब्द काढायचीही चोरी!

मग हॉकी कुठून आली?

शाळेत आमचे पी.टी.चे सर हॉकी शिकवायचे. मुरमाचं मैदान, पडलं की गुडघे फुटायचे. मी राइट हाफला खेळायचे आणि पेनल्टी कॉर्नरच्या वेळी बॉल थांबवायचे. थांबवणं म्हणजे काय, ते पुढे सांगते. एवढंच लक्षात ठेवा की चार वर्षं मी हे काम केलं आणि शाळेच्या नोटीस बोर्डवर माझं नाव एकदाही आलं नाही. नाव यायचं ते गोल मारणारीचं.

२०२४ च्या डिसेंबरात सात वर्षांनी हॉकी इंडिया लीग परत सुरू होणार होती. मी सेकंड इयरची परीक्षा संपवून पारनेरला गेले होते. थंडी मरणाची, करायला काही नाही. मी चिमीला, म्हणजे दादाच्या आठवीतल्या बहिणीला म्हटलं, चल, आपण लिलाव करू. पैशांऐवजी आजीच्या डब्यातले चिंचोके. आजी म्हणाली, "मोजून घ्या आणि मोजून परत द्या." अशी आमची लीग गच्चीवर सुरू झाली. चार मालक : मी, चिमी, बारावीतला बंटी आणि शेजारची एक मैत्रीण.

धडा पहिला : आधी खेळ ओळखा

टीम निवडायच्या आधी हॉकीतल्या चार गोष्टी कळल्या पाहिजेत.

एक – मॅच पंधरा मिनिटांच्या चार भागांची. मैदानात अकरा जण, पण खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात. त्यामुळे क्रिकेटसारखं "पहिल्या अकरात नाही, म्हणजे संपलं" असं इथे नसतं. बाकावरून उठून आलेला खेळाडूही गोल मारून जातो.

दोन – गोल 'डी'च्या आतूनच मारावा लागतो. गोलसमोरचं ते अर्धवर्तुळ १४.६३ मीटरचं असतं. बाहेरून कितीही जोरात मारलेला आणि कोणालाच न लागता आत गेलेला बॉल गोल धरत नाहीत.

तीन – पेनल्टी कॉर्नर. डीमध्ये बचाव करणाऱ्यांची चूक झाली की हा मिळतो. एक जण गोललाइनवरून बॉल बाहेर ढकलतो, दुसरा तो डीच्या कडेला थांबवतो आणि तिसरा ड्रॅग फ्लिक मारतो. पेपरात फोटो फक्त तिसऱ्याचा येतो. पण दुसऱ्याच्या स्टिकवर बॉल जरा उडाला तर तिसरा कितीही मोठा असो, त्याला काही करता येत नाही.

चार – कार्डं. हिरवं म्हणजे दोन मिनिटं बाहेर. पिवळं म्हणजे निदान पाच मिनिटं. लाल म्हणजे त्या मॅचपुरता निरोप, आणि टीम तेवढ्याने कमी.

धडा दुसरा : गुणांचा तक्ता

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. आमचा तक्ता असा आहे :

मैदानात उतरला – २
मैदानी गोल – १०
पेनल्टी कॉर्नरवरचा गोल – मारणाऱ्याला ६, थांबवणाऱ्याला २, ढकलणाऱ्याला १
पेनल्टी स्ट्रोकवरचा गोल – ३
गोलसाठी पास – ५
गोलकीपरने वाचवलेला फटका – २
गोलकीपरने एकही गोल खाल्ला नाही – १०, खाल्लेल्या प्रत्येक गोलला उणे २
हिरवं कार्ड – उणे २, पिवळं – उणे ५, लाल – उणे १५
कॅप्टनचे गुण दुप्पट (उणे असले तरी दुप्पटच!)

थांबवणाऱ्याचे दोन गुण कोणी घातले, ते तुम्ही ओळखलं असेलच. बंटी भांडला, "हे स्कोअरकार्डवर येतच नाही, मोजणार कोण?" अगदी खरं. स्कोअरकार्डवर गोल येतो, मिनिट येतं, कार्ड येतं. बॉल कोणी थांबवला ते येत नाही. त्यासाठी कोणीतरी वही घेऊन टी.व्ही.समोर बसावं लागतं.

दादा तोपर्यंत जिन्यातच उभा होता. गच्चीवर यायला तयार नव्हता. तो तिथूनच म्हणाला, "वही द्या इकडे. मी मोजतो. पण मी टीम घेणार नाही." असा आमचा स्कोअरर ठरला.

इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचं तर तुम्ही ज्या गोष्टीचं माप घेता तिकडेच तुमचं लक्ष जातं. गोललाच गुण दिले तर सगळे गोलच बघणार. थांबवण्याला दोन गुण दिले आणि आठवीतली चिमी ओरडायला लागली, "ताई, बघ, थांबवणाऱ्याची स्टिक केवढी सपाट आहे!" चार वर्षांत माझ्या स्टिककडे एवढं कोणी बघितलं नव्हतं. म्हणून तुम्ही तुमचा तक्ता स्वतः बनवा. तुम्हाला खेळात काय बघायचंय ते आधी ठरवा आणि मग त्याला गुण द्या.

धडा तिसरा : जुन्या मॅचवर सराव

पहिल्या दिवशीच लिलावात उडी मारू नका. एखादी झालेली मॅच घ्या आणि तक्ता चालवून बघा. आम्ही २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकवर सराव केला.

८ ऑगस्टची ब्राँझ मेडलची मॅच, भारत २, स्पेन १. दोन्ही गोल हरमनप्रीत सिंगचे, दोन्ही पेनल्टी कॉर्नरवर. म्हणजे ६ अधिक ६, अधिक उतरल्याचे २, एकूण १४. तो तुमचा कॅप्टन असेल तर २८. आणि गंमत अशी की हा माणूस बचावपटू आहे! फँटसी हॉकीतलं हे पहिलं गुपित. गोल फक्त आघाडीचेच मारत नाहीत. ड्रॅग फ्लिक मारणारे बरेच जण बचावातले असतात. बचावातली एक जागा त्यांच्यासाठी ठेवायचीच.

आता दुसरी बाजू. त्याआधी ४ ऑगस्टला ब्रिटनविरुद्ध उपांत्यपूर्व मॅच होती. अमित रोहिदासला दुसऱ्या भागात लाल कार्ड मिळालं. भारत चाळीस मिनिटांहून जास्त वेळ दहा जणांत खेळला, १-१ बरोबरी ठेवली आणि शूटआउटमध्ये ४-२ ने जिंकला. आमच्या तक्त्याने रोहिदासला उणे १३. पण त्याचं नुकसान तिथेच थांबत नाही. बंदीमुळे तो जर्मनीविरुद्ध उपांत्य मॅच खेळूच शकला नाही, म्हणजे तिथे शून्य. आणि त्याच दिवशी ज्याच्याकडे गोलकीपर श्रीजेश असता त्याची चांदी! दहा जणांत खेळणाऱ्या टीमच्या गोलकीपरला काम भरपूर, म्हणजे वाचवलेल्या फटक्यांचे गुणही भरपूर.

हे दुसरं गुपित. नेहमी जिंकणाऱ्या टीमचा गोलकीपर घ्यायलाच पाहिजे असं नाही. ज्याच्यावर फटके येतात पण जो ते अडवतो, असा गोलकीपर शोधा.

धडा चौथा : लिलाव

खऱ्या लीगचा लिलाव १३ ते १५ ऑक्टोबर २०२४ ला दिल्लीत झाला. पुरुषांच्या आठ टीम, प्रत्येकीला चार कोटी रुपये आणि त्यात २४ खेळाडू बसवायचे. त्यातले ८ परदेशी, १६ भारतीय आणि भारतीयांत ४ ज्युनिअर सक्तीचे. हरमनप्रीतला सूरमा हॉकी क्लबने ७८ लाखांना घेतलं, सगळ्यांत महाग. अभिषेकला बंगाल टायगर्सने ७२ लाखांना, हार्दिक सिंगला यू.पी. रुद्राजने ७० लाखांना.

आमच्याकडे चार कोटी म्हणजे शंभर चिंचोके. एक चिंचोका चार लाखांचा! त्या हिशोबाने हरमनप्रीत साडेएकोणीस चिंचोक्यांचा. प्रत्येक मालकाने १४ खेळाडू घ्यायचे, अकरा खेळणारे आणि तीन राखीव. कमीत कमी बोली दोन चिंचोके.

आणि मी काय केलं? मीच सगळ्यांना शिकवणारी, मीच पहिली घसरले. बंटीने मला चिडवत चिडवत हरमनप्रीत ३१ पर्यंत नेला आणि नेमका तिथे गप्प बसला. पाठोपाठ अभिषेक २४ ला. दोन खेळाडूंत ५५ गेले, उरले ४५, आणि जागा बारा! पुढचा तासभर मी दोन-तीन चिंचोक्यांची गिऱ्हाईकी करत बसले. मी लढायला बाद झाल्यावर बंटीने जुगराज सिंगला ११ ला उचललं. खऱ्या लिलावात तो ४८ लाखांचा, म्हणजे १२ चिंचोक्यांचा. त्या हंगामात १२ गोल मारून सगळ्यांत पुढे कोण राहिलं? जुगराज! १ फेब्रुवारी २०२५ च्या फायनलमध्ये त्याची हॅटट्रिक झाली आणि बंगाल टायगर्सने हैदराबाद तूफान्सला ४-३ ने हरवलं. बंटी अजून मला दर फोनवर ऐकवतो.

तुमचं असं होऊ नये म्हणून एक सूत्र वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा :

जास्तीत जास्त बोली = हातातले चिंचोके – २ × (उरलेल्या जागा – १)

यापुढे गेलात तर टीमच पूर्ण होणार नाही. पण ही झाली शेवटची हद्द. शहाणपणाची हद्द त्याच्या बरीच अलीकडे असते. माझा नियम आता असा, की एका खेळाडूवर पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नाही. बघा, सूरमाने खुद्द हरमनप्रीतवर १९.५ टक्केच खर्च केले होते. आणि बोली लावण्याआधी किंमत कागदावर लिहा. कागदावरची किंमत शांत डोक्याने लिहिलेली असते. तोंडातून निघते ती बंटीने काढलेली असते.

धडा पाचवा : टीम सांभाळणे

लिलाव संपला म्हणजे काम संपलं, असं समजू नका. दर सोमवारी तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, वेळापत्रक. या आठवड्यात कोणाच्या टीमच्या तीन मॅच आहेत आणि कोणाची एकच? एक मॅच खेळणाऱ्या हिऱ्यापेक्षा तीन मॅच खेळणारा साधा खेळाडू पुष्कळदा जास्त गुण देतो.

दुसरी, पेनल्टी कॉर्नर कोण मारतंय. एका टीममध्ये दोन ड्रॅग फ्लिकर असतील तर त्यांचे गुण वाटले जाणार.

तिसरी, कार्डं. सारखी कार्डं घेणारा खेळाडू कॅप्टन करू नका. दुप्पट हा नियम दोन्हीकडून कापतो.

आणि एक सूचना आपल्या महाराष्ट्रातल्या मंडळींसाठी. २०२४-२५ च्या लीगमध्ये पुरुषांच्या आठ टीममध्ये महाराष्ट्राची एकही नव्हती. एकेकाळी होत्या. २०१२ च्या वर्ल्ड सिरीज हॉकीत पुणे स्ट्रायकर्स फायनलपर्यंत गेली होती. जुन्या लीगमध्ये मुंबई मॅजिशियन्स आणि नंतर दबंग मुंबई होती. आणि धनराज पिल्ले तर आपल्या खडकीचा! आपली टीम नाही याचं वाईट वाटतं, पण फँटसीच्या मालकाला एक फायदा होतो. कोणावर जीव जडलेला नसल्यामुळे डोकं थंड राहतं.

चिमीचे दोन चिंचोके

डोकं थंड ठेवा असं मी सांगते खरी, पण चिमीची गोष्ट ऐका. जानेवारी २०२५ मध्ये मुलींची पहिलीवहिली लीग रांचीला झाली. चार टीम. तिच्यासाठी आम्ही वेगळे पन्नास चिंचोके आणि सात-सात खेळाडू ठेवले होते. चिमीने यादीत एक नाव वाचलं, ऋतुजा दादासो पिसाळ, आणि म्हणाली, "ताई, ही आपल्यातली वाटते. घेऊ?" मी म्हटलं, नावावरून टीम बनवतात का गं? तिने दोन चिंचोक्यांना घेतली. दुसरी बोलीच नाही आली.

२६ जानेवारीला फायनल. मी हॉस्टेलवर परत आले होते. ओडिशा वॉरियर्सने सूरमाला २-१ ने हरवलं. दोन्ही गोल ऋतुजाचे! फोनवर चिमी नुसती किंचाळत होती, शब्दच कळेनात. मागून आजीचा आवाज, "दोन चिंचोक्याची पोरगी जिंकली म्हणे!"

तेव्हा यादीतली स्वस्त नावं नीट वाचा. महाग खेळाडू सगळ्यांनाच माहीत असतात. स्वस्तातला चांगला खेळाडू ओळखायचा तर मॅच बघावी लागते. चिमीला ती नशिबाने मिळाली, हे तिलाही मान्य आहे. पण पुढच्या वेळी ती यादी घेऊन बसली तेव्हा प्रत्येकीची माहिती वहीत लिहून बसली होती.

शेवटी, पैशांबद्दल

हॉस्टेलमधल्या काही जणी म्हणतात, दहा-दहा रुपये काढू, जरा मजा येईल. माझं उत्तर 'नाही' असं आहे. दहा रुपये गेल्याने कोणी बुडत नाही, हे मलाही कळतं. पण दहा रुपये आले की थांबवणाऱ्याची सपाट स्टिक कोणी बघणार नाही. सगळे आपापला नंबर बघतील. आमच्या लीगमध्ये हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला चहा करून द्यायचा. यापलीकडे काही नाही.

दादाची खतवाल्याकडची उधारी या दिवाळीपर्यंत पूर्ण फिटेल असं काका म्हणतात. त्याची वही माझ्यापुढे आहे. पहिल्या हंगामाच्या ऐंशी पानांत प्रत्येक पेनल्टी कॉर्नर लिहिलाय : कोणी ढकलला, कोणी थांबवला, कोणी मारला. खाडाखोड फक्त दोन ठिकाणी. मी त्याला विचारलं, "या वेळी तरी टीम घेणार का?" तो म्हणाला, "नको. असं बघायला बरं वाटतं."

तर मंडळी, टी.व्ही. रूमबाहेरचा कागद अजून तिथेच आहे आणि त्यावर आता रेक्टर मॅडमची सहीसुद्धा आहे. नावं द्या, वही आणा. चिंचोके मी पारनेरहून घेऊन येईन. फक्त मोजून घ्या आणि मोजून परत द्या. आजीची अट आहे!